‘डी’ रिकामा दिसतोय, पण काम कुठं गेलेलं नाही

प्रश्न : बार्शीत माझं लग्नपत्रिका आणि हँडबिलांच्या डीटीपीचं छोटं दुकान आहे. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ होतं. मेकॅनिकनं २४० जीबीची एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) बसवून तिच्यावर विंडोज १० नव्यानं टाकून दिलं. जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क आतच आहे. माझं काम डी ड्राइव्हमध्ये आणि फोटो ईमध्ये असायचे. आता डी उघडला तर रिकामा, आणि आकार फक्त १०० एमबी! शिवाय ई ९७ जीबी, एफ १९५, जी १७२ आणि एच म्हणजे डीव्हीडी, असं दिसतं. ते उघडून बघायचं धाडस झालं नाही. पेनड्राइव्हवरची एक पेजमेकरची (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधली) पत्रिका उघडली, तर आतले फोटो सापडत नाहीत. मेकॅनिक म्हणतो, डेटा उडाला, रिकव्हरीला ८ हजार लागतील. तुळशीचं लग्न झालं की माझा सीझन सुरू. काय करू?

उत्तर : ताई, डिस्क कुणाच्याही हातात देऊ नका. तुम्ही आकडे लिहून पाठवलेत हे फार चांगलं केलंत, कारण उत्तर त्यांच्यातच आहे. ९७, १९५ आणि १७२ यांची बेरीज करा. ४६४ येते. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये साधारण ४६५ जीबी दिसते. म्हणजे तुमची तिन्ही पार्टिशनं, डिस्कचे पाडलेले भाग, जागच्या जागी आहेत. बदलली आहेत ती फक्त त्यांची अक्षरं.

तो १०० एमबीचा डी काय आहे? विंडोज ७ टाकताना डिस्कच्या सुरुवातीला ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड’ नावाचा छोटा तुकडा तयार होतो. त्याला अक्षर नसतं, म्हणून इतकी वर्षं तो तुम्हाला दिसलाच नाही. नव्या विंडोजनं डिस्क पाहिली, सगळ्यात आधी हा तुकडा लागला, त्याला डी देऊन टाकला. आतल्या फाइली लपवलेल्या असतात, त्यामुळे तो रिकामा वाटतो. मग पुढचे सगळे एकेक घर सरकले : जुना सी झाला ई, तुमचा कामाचा डी झाला एफ, फोटोंचा ई झाला जी.

अक्षर डिस्कवर लिहिलेलं नसतं. कोणत्या पार्टिशनला कोणतं अक्षर, ही नोंद प्रत्येक विंडोज आपल्या रजिस्ट्रीत, म्हणजे आतल्या नोंदवहीत ठेवतं. शाळेतल्या हजेरीपटासारखं समजा. वर्ग बदलला, नवा हजेरीपट आला, की मुलाचा नंबर बदलतो, नाव तेच राहतं. पार्टिशनला तुम्ही दिलेलं नाव मात्र डिस्कवरच राहतं, विंडोज कितीदाही टाका.

आता एफ उघडा. बिनधास्त उघडा, नुसतं उघडून काही बिघडत नाही. पत्रिकांचे फोल्डर दिसले की स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंटमध्ये जा. १०० एमबीच्या तुकड्यावर राइट क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, मग ‘रिमूव्ह’. यानं फक्त अक्षर जातं. त्याच मेनूत खाली ‘फॉरमॅट’ आणि ‘डिलीट व्हॉल्यूम’ असतं, तिकडे माउस नेऊच नका. तो तुकडा कचरा समजून पुसूही नका. तिथे ‘सिस्टिम’ असं लिहिलेलं दिसलं, तर कॉम्प्युटर त्याच्याच जोरावर सुरू होतोय. डी मोकळा झाला की एफला डी द्या. मग ९७ जीबीच्या जुन्या सीला ई काढून डब्ल्यू द्या, जीला ई द्या, डीव्हीडीला एफ. हा क्रम पाळा, कारण वापरात असलेलं अक्षर यादीत येतच नाही. नव्या सीला हात लावायचा नाही.

पेजमेकर फोटो शोधतो तो पूर्ण पत्त्यावर, अक्षरासकट. म्हणून एकेक फोटो परत जोडत बसू नका. अक्षरं जुनी केलीत की पत्रिका आपोआप नीट उघडतील.

जुना सी फॉरमॅट करण्याची घाई तर अजिबात नको. तुमचा जुना डेस्कटॉप त्याच्या ‘युजर्स’ फोल्डरमध्ये आहे आणि मराठी फॉन्ट ‘विंडोज’मधल्या ‘फॉन्ट्स’मध्ये. फॉन्ट नसेल तर पत्रिकेतला मजकूर इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसेल. तेव्हाही घाबरायचं नाही, फॉन्ट तिथून घ्यायचे.

हे इतकं कळकळीनं सांगतोय, कारण २००९ साली माझ्या हातून एकाचं मोठं नुकसान झालं. एका शिक्षकांच्या कॉम्प्युटरमध्ये १६० जीबीच्या दोन सारख्या डिस्क होत्या. विंडोज टाकतानाच्या पडद्यावर सी, डी काही नसतं. डिस्क ०, पार्टिशन २, आणि आकार, बस्स. मी चुकीची डिस्क निवडली. गावोगाव फिरून त्यांनी टाइप केलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या तिच्यावर. रिकव्हरीत बऱ्याच परत आल्या, पण फाइलींची नावं गेली. कोणती ओवी कोणत्या आजीची, ते त्यांना पुन्हा जुळवता आलं नाही. ते रागावले नाहीत. ‘आता विचारायला त्यातल्या काही जणी राहिल्या नाहीत,’ एवढंच म्हणाले. तेव्हापासून विंडोज टाकायच्या आधी मी दुसऱ्या डिस्कची केबल काढून ठेवतो.

अक्षरं बदलण्याआधी तुम्ही आजच एवढं करा : एफवर राइट क्लिक, ‘रिनेम’, आणि नाव द्या ‘पत्रिका’. जीला ‘फोटो’. एफ उघडताना ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं, तर ‘कॅन्सल’ म्हणा, कॉम्प्युटर बंद करा आणि डिस्क मॅनेजमेंटच्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो मला पाठवा.