मलेशियातली विरोधी आघाडी सारखी का फुटते: पेराक ते शेरेटन

प्रश्न तीन आहेत. मलय, चिनी, भारतीय, मुस्लिम, बिगरमुस्लिम अशा सगळ्यांना सोबत घेऊन उभी राहिलेली मलेशियातली विरोधी आघाडी पुन्हा पुन्हा का फुटते? फुटणारे विकले जातात का? आणि २०२२ च्या पक्षांतरबंदीने हे थांबलं का?

आधी एक गल्लत दूर करू. एखाददुसरा आमदार फुटणं आणि अख्खा पक्ष बाहेर पडणं या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीत पद, पैसा, खटल्याचा धाक यांची चौकशी करावी. दुसरीत त्या पक्षाचा मतदार कोण आणि तो कुणावर नाराज आहे, हे बघावं. बातम्यांमध्ये दोन्हींना ‘बेडूक’ हा एकच शब्द वापरतात (मलयमध्ये कातक), म्हणून घोटाळा होतो.

मार्च २००८ च्या निवडणुकीपासून सुरुवात करू. संसदेत २२२ जागा, बहुमताला ११२, घटनादुरुस्तीला १४८. सत्ताधारी आघाडी बारिसान नॅशनल १४० वर आली आणि तिचं दोन तृतीयांश बहुमत गेलं. विरोधकांना ८२ मिळाल्या: पीकेआर (अन्वर इब्राहिम यांचा पक्ष) ३१, डीएपी २८, ‘पास’ (इस्लामी पक्ष) २३. पाच राज्यंही हाती आली. एप्रिलमध्ये तिघांनी ‘पकातान राक्यात’ नावाची आघाडी केली. ‘पास’चा पाया केलांतानसारख्या मलय मुस्लिम भागात, डीएपीचा शहरी चिनी आणि भारतीय मतदारांत, पीकेआर मिश्र मतदारसंघांत. एका जागी एकच उमेदवार द्यायचा आणि बाकी दोघांनी आपली मतं त्याच्याकडे वळवायची, एवढ्यावर हे चालतं. पण चिनी मतदाराने ‘पास’ला मत द्यायचं तर इस्लामी राज्याचा प्रश्न मिटलाय असं त्याला वाटलं पाहिजे, आणि ‘पास’च्या कार्यकर्त्याला तो प्रश्न मिटलेला चालत नाही. याच प्रश्नावरून डीएपी २००१ मध्ये आधीच्या ‘बारिसान अल्तर्नातिफ’मधून बाहेर पडली होती. पकातानने सामायिक धोरण लिहिलं, पण हा विषय ‘मतभेद मान्य’ म्हणून बाजूला ठेवला. मला हीच मूळ चूक वाटते. बाजूला ठेवलेला प्रश्न कुणी, कधी, कुणाला विचारून पुढे आणायचा याचा नियम तरी हवा होता.

पेराक राज्य हे पहिल्या प्रकारचं उदाहरण. विधानसभा ५९ ची. पकातान ३१ (डीएपी १८, पीकेआर ७, ‘पास’ ६), बारिसान २८. मुख्यमंत्री, म्हणजे मेंत्री बेसार, झाला सर्वांत छोट्या ‘पास’चा, निझार जमालुद्दीन, कारण राज्याच्या घटनेनुसार त्या पदावर मलय मुस्लिम लागतो आणि डीएपीच्या १८ जणांत तसा कुणी नव्हता. डीएपीचे ज्येष्ठ नेते लिम किट सियांग यांनी आधी शपथविधीवर बहिष्काराची भाषा केली, मग माफी मागितली. फेब्रुवारी २००९ मध्ये पीकेआरचे दोन आणि डीएपीची एक अशा तिघांनी पक्ष सोडून बारिसानला पाठिंबा दिला. पीकेआरच्या दोघांवर त्या वेळी भ्रष्टाचाराचा खटला चालू होता. पक्षाने आमदारांकडून तारीख न घातलेले राजीनामे आधीच घेऊन ठेवले होते. सभापतींनी त्यावर जागा रिकाम्या जाहीर केल्या, निवडणूक आयोगाने ते मानलं नाही. निझारनी विधानसभा विसर्जित करायला सांगितलं, सुलतानांनी नकार दिला आणि बारिसानच्या झाम्ब्रींचा शपथविधी झाला.

या प्रकरणाचा २०१० चा फेडरल कोर्टाचा निकाल लोक विसरतात. बहुमत गेलं हे ठरवायला सभागृहातच मतदान हवं असं नाही, ते इतर मार्गांनीही कळू शकतं, असं कोर्टाने म्हटलं. तेव्हापासून खरा सामना सभागृहाबाहेर, पाठिंब्याची प्रतिज्ञापत्रं गोळा करण्यात आणि राजवाड्याच्या फेऱ्यांत खेळला जातो.

हेही नमूद करायला हवं की फोडाफोडीचा मोह विरोधकांनाही होता. १६ सप्टेंबर २००८ पर्यंत बारिसानचे खासदार फोडून सरकार आणू, असं अन्वर इब्राहिम जाहीरपणे सांगत होते. त्यासाठी किमान ३० खासदार लागत होते. ते आले नाहीत. त्यानंतर पेराकबद्दल नैतिक तक्रार करताना त्यांचा आवाज कमकुवत पडला.

आता दुसरा प्रकार. २०१३ मध्ये पकातानला देशभरात जवळपास ५१ टक्के मतं मिळाली, तरी जागा ८९ आणि बारिसान १३३. याहून महत्त्वाचं आघाडीच्या आत घडलं: डीएपी २८ वरून ३८ वर, ‘पास’ २३ वरून २१ वर. आपण मतं देतो आणि वाढतात दुसरे, ही ‘पास’मधल्या उलेमा गटाची तक्रार या आकड्यांनी धारदार झाली. मार्च २०१५ मध्ये केलांतान विधानसभेने हुदूदचा, म्हणजे इस्लामी फौजदारी शिक्षांचा, सुधारित कायदा मंजूर केला. बारिसानमधला मुख्य मलय पक्ष उम्नो, त्याच्या आमदारांनीही पाठिंबा दिला. राज्याचा कायदा एवढा मोठा का ठरला? कारण शरिया न्यायालयांच्या शिक्षेला केंद्रीय कायद्याची मर्यादा आहे: ३ वर्षं कैद, ५,००० रिंगिट दंड, ६ फटके. ती वाढवल्याशिवाय हुदूद अमलात येत नाही, म्हणजे विषय संसदेत न्यावा लागतो आणि तिथे प्रत्येक मित्रपक्षाला बाजू घ्यावी लागते. ‘पास’चे अध्यक्ष हादी अवांग यांनी खासगी विधेयकाची तयारी केली, डीएपीने त्यांच्याशी काम करणं थांबवलं. जूनमध्ये ‘पास’च्या अधिवेशनात डीएपीशी संबंध तोडण्याचा ठराव चर्चेविना संमत झाला, सुधारणावादी नेते पक्षाच्या निवडणुकीत पडले आणि त्यांनी अमानाह हा पक्ष काढला. सप्टेंबरमध्ये ‘पकातान हारापान’ उभी राहिली, ‘पास’शिवाय. यात पैशाचा संबंध शोधून काही हाती लागत नाही.

२०२० मध्ये दोन्ही प्रकार एकत्र आले. २०१८ मध्ये हारापानने ११३ जागा घेऊन सरकार केलं. त्यात महाथिर यांच्या बर्सातू या मलय पक्षाच्या फक्त १३, पण पंतप्रधानपद त्यांच्याकडे. वांशिक भेदभावाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही करण्याच्या घोषणेने मलय मतदार बिथरला, सरकारला नोव्हेंबर २०१८ मध्ये माघार घ्यावी लागली. वर्षभराने तांजुंग पियाईची पोटनिवडणूक झाली. बर्सातूने २०१८ मध्ये ५२४ मतांनी जिंकलेली ही जागा १५ हजारांहून जास्त मतांनी गेली. माझ्या मते शेरेटनची, म्हणजे हारापान सरकार पाडणाऱ्या फुटीची (तिची बैठक शेरेटन हॉटेलात झाली म्हणून हे नाव), खरी सुरुवात तिथे झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये बर्सातू बाहेर पडली आणि अझमिन अलींसह ११ खासदारांनी पीकेआर सोडली. आगोंग, म्हणजे देशाच्या राजांनी खासदारांना एकेकटं बोलावून कौल घेतला आणि १ मार्चला बर्सातूचे मुह्यिद्दीन यासिन पंतप्रधान झाले. जोहोर, मलाक्का, पेराक, केदाह ही राज्यंही पाठोपाठ गेली.

आता कायदा. केलांतानने पूर्वी केलेली पक्षांतरबंदी सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये संघटनास्वातंत्र्याच्या कलम १० वर रद्द केली होती, म्हणून २०२२ मध्ये घटनाच दुरुस्त केली. नव्या कलम ४९अ नुसार पक्षाचा राजीनामा दिला किंवा सदस्यत्व संपलं तर जागा जाते. अपक्ष निवडून येऊन पक्षात गेलं तरीही. पण पक्षाने हाकललं तर जागा राहते, त्यामुळे बंडखोर हकालपट्टीची वाट बघतो. अख्खा पक्ष आघाडी बदलतो तेव्हा खासदार आपल्याच पक्षात असतो, तेव्हा कलम लागत नाही. भारतात पक्षादेश मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. मलेशियात तशी तरतूद नाही. बर्सातूच्या सहा खासदारांनी २०२३-२४ मध्ये पक्ष न सोडताच, तोवर पंतप्रधान झालेल्या अन्वरना पाठिंबा दिला. पक्षाने स्वतःची घटना बदलून त्यांचं सदस्यत्व संपल्याचं कळवलं; तरी जुलै २०२४ मध्ये सभापतींनी सहाही जागा कायम ठेवल्या.

म्हणून पुढच्या वेळी फुटीची बातमी आली की आधी बघा: त्याने पक्ष सोडला, की नुसता पाठिंबा बदलला? पहिलं असेल तर पोटनिवडणुकीची तयारी समजा. दुसरं असेल तर त्याच्या मतदारसंघातल्या मागच्या दोन निवडणुकांची मतं काढून बसा.