‘होरा’ आणि वाचायचा राहिलेला ‘एके’

तुमचा प्रश्न वाचला आणि माझंच जुनं दुखणं वर आलं. तुम्ही लिहिलंय: ज्योतिषाच्या वर्गात शिकवलं की ‘अहोरात्र’मधला पहिला ‘अ’ आणि शेवटचा ‘त्र’ गळून ‘होरा’ झाला. घरी काका म्हणतात शब्द ग्रीक आहे. मग लेखात काय लिहू?

‘निकालाबद्दल जाणकारांचा होरा’ यातला अंदाज हा अर्थ तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडते.

मी प्रबंधात वर्गातलं उत्तरच लिहिलं होतं. आधाराला वराहमिहिराच्या बृहज्जातक या ज्योतिषग्रंथातला चरण दिला, तोही अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या एका गाइडातून उतरवून: ‘होरेत्यहोरात्रविकल्पमेके’. त्यातला शेवटचा ‘एके’ माझ्या नजरेतून सुटला. एके म्हणजे ‘काही जण’. वराहमिहिर सहाव्या शतकात सांगतोय की काही जण असं मानतात, आणि मी लिहिलं, ‘वराहमिहिराने सिद्ध केले आहे’. बाहेरच्या परीक्षकांनी ‘सिद्ध’खाली लाल रेघ ओढली. बरोबरच होतं त्यांचं.

दुरुस्ती दोन ओळींची. पण ती दाखल करून घ्यायला एका कार्यालयाने मला आठ महिने फिरवलं. आवकवाले म्हणायचे आधी साहेबांचा शेरा आणा, साहेब म्हणायचे आधी आवक क्रमांक आणा. चिंचवडहून दोन बस बदलून जायचं आणि खिडकी बंद. फाइल तर एकदा हरवलीच. तेवढ्यात नोकरीच्या अर्जाची मुदत गेली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आता माझं मत. मी भाषाशास्त्रज्ञ नाही, तेव्हा जाणकाराला दाखवून घ्या. पण मला ग्रीक मूळच पटतं. तिकडे ‘होरा’ म्हणजे ऋतू, वेळ, तास. इंग्रजीतला ‘अवर’ त्याच घरातला. एकच शब्द जुळला असता तर योगायोग म्हटलं असतं. पण बृहज्जातकातच केंद्र, पणफर, आपोक्लिम, जामित्र ही कुंडलीतल्या स्थानांची ग्रीकवरून आलेली नावं आहेत, मेष-वृषभ-मिथुन राशींना क्रिय-तावुरि-जितुम अशी ग्रीक वळणाची नावं आहेत. सगळं बिऱ्हाडच तिकडून आलंय. यात कमीपणा वाटून घेऊ नका; ‘ऋषिवत् तेऽपि पूज्यन्ते’, म्हणजे ऋषींसारखे तेही पूजले जातात, असं यवनांबद्दल, म्हणजे ग्रीकांबद्दल, वराहमिहिरानेच बृहत्संहिता या दुसऱ्या ग्रंथात म्हटलंय.

वारांचं उदाहरण जरूर घाला. रवी, शुक्र, बुध, चंद्र, शनी, गुरू, मंगळ या क्रमाने तासातासाचे स्वामी ग्रह बोटांवर मोजा; दिवसाच्या पहिल्या तासाचा जो स्वामी, त्याचा तो वार. रविवारी पहिला होरा रवीचा, तर पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, चंद्राचा येतो, म्हणून पुढचा सोमवार. वाचकाला होरा म्हणजे तास हे तिथे लगेच कळतं.

‘भाकीत’ मात्र यात मिसळू नका. ते ‘भाकणे’चं, म्हणजे बोलण्याच्या कुळातलं, करुणा भाकतो तेच क्रियापद.

आणि लेख कुठे कार्यालयात द्यायचा असेल, तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.