सोडून गेलेल्या रूममेटचे भाडे आपण भरावे का?

प्रश्न : बाणेरच्या फ्लॅटच्या ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर आम्हा तिघांची नावे आहेत. भाडे ३६,००० आणि डिपॉझिट १,०८,००० रुपये, दोन्ही तिघांत समान. पाच महिन्यांनी एक जण नोकरी बदलून बेंगळुरूला गेला. त्याचे १२,००० घरमालक आमच्याकडे मागतात. ते भरावेत, की आम्हीही घर सोडावे?

उत्तर : घरमालकांची मागणी आपल्याला अन्यायाची वाटत असली, तरी ती कायद्याला धरून आहे. तिघांनी मिळून एकच रक्कम देण्याचे कबूल केले असेल आणि करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ नुसार घरमालक तिघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण ३६,००० मागू शकतात. आपण दरमहा आपापले १२,००० वेगवेगळे यूपीआयने पाठवत होतात, ही आपसांतली सोय झाली. तेवढ्याने करारातली जबाबदारी वाटली जात नाही. भरलेली जादा रक्कम मित्राकडून मागण्याचा हक्क हेच कलम आपल्याला देते. पण त्याने हात वर केले, तर तो तोटा उरलेल्या दोघांनी निम्मा निम्मा सोसायचा, हेही त्यातच आहे.

म्हणून भाडे भरावे. मात्र त्याचे ३६,००० रुपयांचे डिपॉझिट अजून घरमालकांकडेच आहे, म्हणजे त्याच्या तीन महिन्यांच्या हिश्श्याचे तारण आपल्यासमोर आहे. पुण्यात सर्रास असे होते, की नवा येणारा मुलगा आपले डिपॉझिट परस्पर जाणाऱ्याच्या खात्यात भरतो आणि जाणारा मोकळा होतो. हे होऊ देऊ नका. थकलेले भाडे आपल्या डिपॉझिटमधून वळते करून ती रक्कम तुम्हा दोघांना द्यावी, असा ईमेल त्याच्याकडून घरमालकांना आजच पाठवायला लावा. मैत्री टिकलेली असताना तो लिहून देईल, सहा महिन्यांनी देईलच असे नाही.

आता घर सोडण्याचा हिशेब. दोघांसाठी २४,००० चे घर धरले, तरी ब्रोकरचे एक महिन्याचे भाडे, टेम्पो आणि नवे डिपॉझिट लगेच उभे करावे लागेल, आणि ब्रोकरला दिलेले पैसे परत येत नाहीत. याउलट राहिलात, तर प्रत्येकी ६,००० जादा जातील, पण ते डिपॉझिटमधून वसूल होण्याजोगे आहेत. मी राहण्याच्या बाजूचा आहे, पण मुदत घालून. लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही असा करारातला सुरुवातीचा काळ, संपलेला असेल आणि नोटीस एक महिन्याची असेल, तर दोन महिने तिसरा माणूस शोधा. न मिळाल्यास दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस नोटीस द्या, म्हणजे तिसऱ्या महिन्याबरोबर त्याचे ३६,००० संपतील आणि आपली झळ रंगकाम व वीजबिलाच्या किरकोळ कपातीपुरती राहील.

तिसरा मिळाला, तर त्याला नुसता आत घेऊ नका. गेलेल्याचे नाव काढून आणि नव्याचे घालून करार पुन्हा नोंदवा. मुद्रांक शुल्क कराराच्या मुदतीतल्या एकूण भाड्यावर ०.२५ टक्के आणि शहरात नोंदणी फी १,००० रुपये, म्हणजे एजंटचे सोडून खर्च दीड-दोन हजारांच्या घरात जातो. त्या मसुद्यातच प्रत्येकाची जबाबदारी १२,००० पुरती राहील, असे कलम घालता येते का, हे घरमालकांना विचारून पाहा. बहुतेक जण नकार देतात. तसे झाल्यास निदान तिघांत वेगळा लेखी समझोता करून प्रत्येकाचे डिपॉझिट आणि सोडण्याची नोटीस त्यात नमूद करा.