आई भेटून गेली की मुलगा बिथरतो, मग भेटच बंद करायची का?

या वेळी निवासी संस्थांमधे राहणाऱ्या मुलांबद्दल एकदम चार पत्रं आली, तीन स्टाफची आणि एक एका आईचं, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून सगळी जागा यांनाच देतेय. ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.

प्रश्न : ताई, मी मुलांच्या निवासी संस्थेत काळजीवाहक आहे. माझ्या ग्रुपमधे आठ वर्षांचा एक मुलगा आहे, एरवी शांत, अभ्यास करतो, सगळ्यांत मिसळतो. पण महिन्यातून दोनदा त्याची आई येऊन जाते आणि पुढचे दोन-तीन दिवस नुसता गोंधळ, रात्री अंथरूण ओलं करतो, कुणालाही मारतो, माझ्याशी तर बोलतच नाही. मीटिंगमधे जवळजवळ ठरलंय की दोनेक महिने भेटी बंद ठेवू म्हणजे तो सेटल होईल. मला पटत नाहीये पण त्याचे हाल पण बघवत नाहीत.

उत्तर : तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. तो बिथरतो ते आई निघून गेल्यामुळे, आणि मीटिंगमधे इलाज काय निघतोय तर आईने येऊच नये. म्हणजे ज्या गोष्टीचा त्याला त्रास होतोय तीच आपण दोन महिने लांबवणार आणि वर म्हणणार सेटल झाला.

हा वाद नवीन नाहीये बरं का. ब्रिटनमधल्या हॉस्पिटल्समधे एके काळी लहान मुलांना आईबापांनी भेटायला येणं अगदी मोजकं ठेवायचे, कारण हेच की आई आली की पोर रडतं, नाही आली की वॉर्ड शांत असतो. जेम्स रॉबर्टसन नावाचे एक समाजसेवक, मुलं आणि आई यांच्या नात्याचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्याबरोबर काम करायचे, ते या वॉर्डांमधे बसून राहिले आणि 1952 साली त्यांनी दोन वर्षांच्या एका मुलीचे हॉस्पिटलमधले आठ दिवस कॅमेऱ्याने टिपले. त्यांना दिसलं ते असं की मूल आधी आकांत करतं, मग मलूल होतं आणि मग एक दिवस हसायला-खेळायला लागतं, स्टाफला वाटतं चला रुळलं एकदाचं, पण तोपर्यंत त्या मुलाने आईची आशाच सोडून दिलेली असते, आई आली तरी तोंड फिरवतं. ती फिल्म बघून डॉक्टर-नर्स आधी चिडलेच होते, पण 1959 मधे तिथल्या सरकारी समितीनेच सांगितलं की आईबापांना मुलांकडे येऊ द्या. मला तर आजही एखादं सहा वर्षांचं मूल आई गेल्यावर टाटा करून थेट खेळायला पळालं आणि नंतर काहीच नाही, तर त्याचीच जास्त काळजी वाटते.

आता याचा अर्थ असा नाही की रडणं कायम प्रेमाचंच असतं. भीतीचं पण असतं, आणि दोन्ही वरवर सारखंच दिसतं. म्हणून भेटीच्या आधीचं बघा. आई येणार कळल्यावर तो काय करतो? सकाळपासून गेटकडे चकरा मारतोय, ठेवणीतला शर्ट काढतोय, की पोटात दुखतंय म्हणून झोपून राहतोय? पहिल्या दोन मिनिटांत तिच्याकडे पळतो की तुमच्या मागे लपतो? ती समोर असताना सारखा तिच्या चेहऱ्याकडे बघून मगच बोलतो का? हे सगळं लिहून ठेवा. तुमच्याकडच्या रजिस्टरमधे बहुतेक ‘भेट झाली, मुलगा डिस्टर्ब’ एवढंच असेल, मी पाहिलेल्या बहुतेक रजिस्टरांत तेवढंच असतं, आणि मग वर्षाने कुणीतरी फाइल उघडून त्याच चार शब्दांवर निर्णय घेतं. आधी, मधे, निघताना आणि रात्री काय झालं ते वेगवेगळं लिहा, मुलाचं वाक्य असेल तर त्याच्याच शब्दांत. पाच-सहा भेटींनंतर चित्र दिसायला लागतं. भीतीची शंका आली तर मात्र सहा भेटी मोजत बसू नका, त्याच दिवशी वरिष्ठांना आणि समुपदेशकाला सांगा.

आणि तो तुमच्याशीच बोलत नाही ते मनाला लावून घेऊ नका. त्याच्या डोक्यात हिशोब असा असतो की या ताई मला आवडल्या म्हणजे मी आईशी फितुरी केली. आई येऊन गेली की तो हिशोब चुकता करावा लागतो, आणि तो तुमच्यावर निघतो कारण तुम्ही जवळच्या आहात. यावर एक उपाय मला खरंच लागू पडलेला दिसलाय, तो म्हणजे आईच्या तोंडून त्याला एकदा ऐकू येऊ दे की या ताई तुझं करतात ते मला बरं वाटतं. हे ती आपणहून म्हणणार नाही, तिलाही तुमचा राग येतच असणार, तुम्ही रोज तिच्या मुलाला उठवता आणि ती पाहुण्यासारखी खुर्चीत बसते! त्यामुळे आधी तुम्ही तिच्याशी पाच मिनिटं बोला, तो काय शिकला, कोणता दात पडला असलं काहीतरी, तक्रारी सोडून.

बाकी मग टाइमटेबलचं बघा. भेट संपल्याबरोबर अभ्यासाला किंवा सगळ्यांच्या गलक्यात सोडू नका, तासभर तरी मोकळा ठेवा, कुणीतरी नुसतं शेजारी असू दे, काय झालं काय झालं विचारायची गरज नाही. अंथरूण ओलं होणार हे माहितीच आहे तर खाली प्लास्टिक आणि उशाशी कोरडे कपडे आधीच ठेवा, कुणाला कळू न देता. मधल्या आठवड्यात एक ठरलेला फोन मिळतोय का बघा. पंधरा दिवसांनी एकदम भरून येण्यापेक्षा थोडं थोडं बरं पडतं.

प्रश्न : आमच्याकडे पद्धत आहे, मोठ्या मुलांनी नियम मोडले की त्या महिन्याचा घरचा फोन किंवा भेट कट. ओरडण्यापेक्षा याने पटकन फरक पडतो हे खरं आहे. नवीन आलेल्या सहकारी याला क्रूरपणा म्हणतात. एवढं काय आहे त्यात?

उत्तर : फरक पडणारच, कारण तुम्ही मुलाची सगळ्यात दुखरी जागा बरोबर हेरलीय. 2009 मधे संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने कुटुंबाबाहेर वाढणाऱ्या मुलांच्या देखभालीसाठी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली, त्यात हे स्पष्ट लिहिलंय की घरच्यांशी किंवा मुलाच्या जवळच्या माणसांशी संपर्क तोडणं ही शिक्षा म्हणून कधीही वापरायची नाही. त्याच्याही आधी 1989 च्या बालहक्क करारातलं नववं कलम आहे, आईबापांपासून वेगळ्या राहणाऱ्या मुलाला त्यांच्याशी नियमित, थेट संपर्काचा हक्क आहे, त्याच्या हिताविरुद्ध जात असेल तरच तो अडवता येतो. काच फोडली हे हिताविरुद्धमधे बसत नाही. काच फोडली तर काचेचं काय करायचं ते बघा, नुकसान भरून द्यायला लावा, खेळाची वेळ कमी करा, ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि उलट बाजूनेही तेच, ‘चांगला वागलास तर आईला फोन लावून देईन’ हे पण नको. यात भावंडांना पण धरा, तीन इमारती पलीकडे बहीण असते आणि मुलगा तिला फक्त सणासमारंभाला बघतो असं व्हायला नको, त्याच तत्त्वांमधे भावंडांना शक्यतो वेगळं करू नये असंही म्हटलंय.

प्रश्न : मी आई आहे. घरच्या परिस्थितीमुळे दोन्ही मुलं संस्थेत आहेत, मोठी दहाची, धाकटा सहाचा. भेटायला गेले की पहिला तास बरा जातो, मग धाकटा विचारतो घरी कधी नेणार. मी लवकर म्हणते. आता मोठी म्हणते तू खोटं बोलतेस. निघताना इतकं रडतात की गेल्या वेळी मी ते खेळत असताना गुपचूप निघून आले. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुम्ही जाता, नियमाने जाता, हे आधी लक्षात घ्या, ते सोपं नाहीये.

पण ‘लवकर’ हा शब्द टाकून द्या. सहा वर्षांच्या मुलासाठी लवकर म्हणजे उद्या, फार तर परवा. त्याऐवजी खरं तेवढंच सांगा, ‘घरी कधी ते मलाच अजून माहीत नाही, पण पुढच्या रविवारी अकरा वाजता मी इथे येणार आहे’. घरी नेण्याची तारीख तुमच्या हातात नसेल, रविवारची आहे. मग तो रविवार पाळायचा. नाहीच जमलं तर आदल्या दिवशी फोन करून स्वतः त्यांना सांगायचं, संस्थेतल्या ताईंच्या गळ्यात ते काम टाकायचं नाही. पॉलीन बॉस नावाच्या अभ्यासक आहेत, त्यांनी 1970 च्या दशकात अशा दुःखाला वेगळं नाव दिलं, माणूस गेलेलंही नाही आणि जवळही नाही असलं अधांतरी दुःख, याला शेवट नसतो म्हणून ते जास्त पिळतं. तुमची मुलं त्यात आहेत आणि खरं सांगायचं तर तुम्ही पण.

गुपचूप निघून येणं सगळेच करतात, अगदी चांगल्या घरातले आजीआजोबाही. पण मुलं त्यातून शिकतात काय तर आईवरून नजर हटली की आई जाते, म्हणून पुढच्या वेळी ती खेळणारच नाहीत, तुमचा पदर धरून बसतील. रडू दे. दहा मिनिटं आधी सांगा आता निघायची वेळ होतेय, मग जाताना दर वेळी एकच ठरलेली गोष्ट करा, पापा, टाळी, काहीही, आणि मग मागे वळून पुन्हा पुन्हा येऊ नका.

भेटीत नुसतं समोरासमोर बसून ‘जेवलास का, अभ्यास केलास का’ चाललं तर अर्ध्या तासात संपतं आणि मग सगळे एकमेकांकडे बघत बसतात. काहीतरी करा. त्याची नखं कापा, तिची वेणी घाला, एक चित्र अर्धं काढून ठेवा, उरलेलं पुढच्या वेळी. महागडं खेळणं नाही नेलं तरी चालेल, घरातला एक फोटो न्या, मागे तारीख लिहून. मोठीला वेगळी पंधरा मिनिटं द्या. ती दहा वर्षांची आहे, तिला बरंच समजतं, आणि मी खोटं बोलले, मला तुम्हाला रडवायचं नव्हतं, हे तिला सरळ सांगितलंत तर ती तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवायला तयार होईल, लगेच नाही.

प्रश्न : आमच्याकडच्या पंधरा वर्षांच्या मुलीचा वडिलांशी संपर्क बंद ठेवायचा आदेश आहे, कारण गंभीर आहे. परवा कळलं की ती मैत्रिणीच्या मोबाइलवरून महिनाभर त्यांच्याशी चॅट करतेय. मोबाइल जप्त केला, तिला रूमवर बसवलं. आता ती कुणाशीच बोलत नाही.

उत्तर : जप्ती आधी आणि बोलणं नंतर, इथे क्रम उलटा झाला. घाबरून झाला हे समजतं.

आदेश आहे तर ज्यांनी दिला त्यांना आणि तुमच्या वरिष्ठांना हे आजच कळवा, लपवून ठेवू नका, संस्थेचं नाव खराब होईल म्हणून तर अजिबात नाही. मेसेज कुणीही डिलीट करू नका, ते तपासायचं काम ज्यांचं आहे त्यांनाच करू दे. पण मुलीला आरोपी करू नका. त्या आदेशात संपर्क ठेवू नये ही जबाबदारी मोठ्या माणसाची होती, पंधरा वर्षांच्या पोरीची नाही. रूममधून आधी तिला बाहेर काढा, सॉरी म्हणायचं असेल तर म्हणा.

मग तिचा ज्या कुणावर विश्वास आहे, स्वयंपाकघरातल्या मावशी असल्या तरी चालेल, त्यांना तिच्याजवळ बसू दे. विचारायचं ते इतकंच की त्यांच्याशी बोलून तुला काय मिळत होतं. उत्तर काहीही येऊ शकतं, त्यांनी धमकावलंय, पैसे मागितलेत, भेटायला बोलावलंय, हे कळणं फार महत्त्वाचं. किंवा ती म्हणेल मला फक्त आजी कशी आहे ते विचारायचं होतं. ज्या बापाने त्रास दिला त्याची आठवण येते हे मुलांना स्वतःलाच लाजिरवाणं वाटतं, म्हणून ती आपल्याला सांगत नाहीत आणि मैत्रिणीचा मोबाइल मागतात. आजीच हवी असेल तर आजीशी स्टाफसमोर फोन सुरू करता येतो का ते कळवतानाच विचारून घ्या, आणि मैत्रिणीलाही बोलावून सांगा की तुला शिक्षा होणार नाही, नाहीतर पुढच्या वेळी तुम्हाला महिनाभराने सुद्धा कळायचं नाही.