शोध लागला की शोध लावला?

विचारणा अशी आहे: 'विज्ञानाच्या इतिहासावरच्या एका लेखात मी "शून्याचा शोध भारतात लागला" असं लिहिलं होतं. तपासणाऱ्याने "लागला" खोडून "लावला" केलं, आणि वाक्याला कर्ता हवा म्हणून "आर्यभटाने" हा शब्द घातला. बरोबर काय? दुसरं असं की, आधीपासून असलेली गोष्ट सापडणं आणि नसलेली गोष्ट घडवणं या दोन्हींना आपण "शोध"च म्हणतो. हिंदीत त्यासाठी खोज आणि आविष्कार असे दोन शब्द आहेत. ही मराठीतली उणीव नाही का?'

आधी निकाल सांगतो. तुमचं मूळ वाक्य बरोबर होतं. दुरुस्तीनंतरचं वाक्य व्याकरणात बसतं, इतिहासात बसत नाही.

लागणे-लावणे ही जोडी मराठीत पावलोपावली भेटते. दिवा लागला, दिवा लावला. सवय लागली, सवय लावली. छडा लागला, छडा लावला. वाट लागली, वाट लावली. पहिल्यात गोष्ट घडते, दुसऱ्यात कुणीतरी ती घडवून आणतं. अकर्मक-सकर्मक अशी चिठ्ठी चिकटवून व्याकरणाची पुस्तकं पुढे जातात, पण या जोडीतली खरी गंमत 'अर्थ' या शब्दाबरोबर कळते. एखादी ओळ चार वेळा वाचली की अर्थ लागतो. तो ओळीतच होता. अर्थ आपण लावतो तेव्हा त्यात आपल्या पदरचंही काही मिसळतं. म्हणून 'भलताच अर्थ लावला' हे सहज बोललं जातं, 'भलताच अर्थ लागला' मात्र कानाला खटकतं.

शोधाचंही तसंच आहे. आणि विभक्तीकडे बघा. 'फ्लेमिंगला पेनिसिलिनचा शोध लागला', पण 'फ्लेमिंगने शोध लावला'. ज्याला भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, चाहूल लागते, त्याच 'ला'च्या रांगेत इथे शास्त्रज्ञ उभा आहे. 'ने' आला की तो कर्ता होतो आणि श्रेय त्याच्या नावावर चढतं. विज्ञानाच्या इतिहासातली निम्मी भांडणं या दोन प्रत्ययांमधली आहेत असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

'लागला'चा आणखी एक उपयोग आहे, तुमच्या वाक्यात आलेला तोच. अग्नीचा शोध लागला, चाकाचा शोध लागला, शेतीचा शोध लागला. यांपैकी काहीच ठेच लागावी तसं अचानक झालेलं नाही. रानगवतातून धान्याची पिकं घडायला शेकडो पिढ्या गेल्या. तरी आपण 'लागला' म्हणतो, कारण लावणाऱ्याचं नाव नाही, आणि बहुधा तो एकटा नव्हताच. शून्य याच जातीचं आहे.

संख्येतली रिकामी जागा दाखवायला बाबिलोनी लेखनिक इसवी सनापूर्वी काही शतकं दोन तिरक्या पाचरींची खूण वापरत होते. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांनी त्यांच्याशी काहीही संबंध नसताना आपलं शून्य स्वतंत्रपणे बनवलं. आर्यभटाच्या ४९९ सालच्या ग्रंथात स्थानमूल्याची जाण पक्की आहे, पण आकडे तो अक्षरांनी लिहितो आणि त्यात शून्याचं चिन्ह नाही. शून्याला संख्येचा दर्जा देऊन त्याच्याशी बेरीज-वजाबाकी-गुणाकार कसा करायचा याचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ साली 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त दिले. सारख्याच धन आणि ऋण संख्यांची बेरीज म्हणजे शून्य, हे त्यातलंच. (धन आणि ऋण हे शब्द आजही आपण जसेच्या तसे वापरतो. ऋण संख्या म्हणजे कर्ज, हे ज्याला शब्दातूनच कळतं त्याला वजा पाचाची भीती वाटायचं कारण नाही.) शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असंही ब्रह्मगुप्ताने सांगून टाकलं, ते आज कुणी मान्य करणार नाही. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या ८७६ सालच्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे आजच्यासारखेच गोल शून्य देऊन कोरलेले आहेत.

पुढे हे आकडे अरबांकडे गेले, शून्याचं 'सिफ्र' झालं, सिफ्रचं युरोपात 'झीरो' झालं. फिबोनाची या इटालियन गणितीने १२०२ साली त्यांवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला, आणि तरीही १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत ते वापरायला मनाई केली होती. आता या सगळ्या प्रवासात 'ने' कुणाला लावायचा? बाबिलोनी लेखनिकाला, ब्रह्मगुप्ताला, की शिलालेख कोरणाऱ्या पाथरवटाला? 'भारतात लागला' या शब्दांत जागा सांगितली जाते आणि माणसाबद्दल खोटं बोलावं लागत नाही.

'शोध' हा शब्द मुळात 'शुध्' धातूपासून आला आहे, स्वच्छ करणे या अर्थाचा. वैद्यकातलं पाऱ्याचं शोधन म्हणजे पारा हुडकणं नव्हे, त्यातला मळ काढणं. गाळून, निवडून, खोटं बाजूला सारून जे उरतं ते हाती येणं, असा प्रवास करत शब्द 'हुडकणे'पर्यंत आला असावा असं मला वाटतं. हिंदीने 'संशोधन' दुरुस्तीच्या अर्थाने ठेवलं, म्हणून त्यांचं संविधान संशोधन म्हणजे आपली घटनादुरुस्ती. आपण संशोधन म्हणजे नवं ज्ञान मिळवणं असं धरलं. आणि हिंदीचा 'आविष्कार' मराठीत आला की गाण्यात-नाटकात रमतो. 'वाफेच्या इंजिनाचा आविष्कार' म्हटलं तर इंजिन आलाप घेतंय की काय असं वाटेल.

आता तुमच्या 'उणीवे'कडे. सापडणं आणि घडवणं हा भेद नामात नाही, हे खरं. पण तो भेद जितका स्वच्छ वाटतो तितका आहे का?

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये भौतिकशास्त्रज्ञ रॉन्टजेन काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या नळीतून वीज सोडत होता आणि थोड्या अंतरावरचा रसायन लावलेला पडदा उजळला. इथे 'लागला' शंभर टक्के. पुढचे काही आठवडे तो प्रयोगशाळेत जवळपास कोंडून घेऊन बसला, वस्तूंमागून वस्तू त्या किरणांपुढे धरल्या, बायकोच्या हाताची हाडं काचेवर उतरवली. हे किरण म्हणजे काय ते कळेना, म्हणून त्याने बीजगणितातल्या अज्ञात राशीचं अक्षर त्यांना दिलं. मराठीने 'क्ष-किरण' करताना अक्षर बदललं आणि अज्ञान तेवढं नेमकं उचललं. शोध लागला होता, अर्थ लागला नव्हता. तो लागायला १९१२ उजाडलं, स्फटिकातून हे किरण पाठवल्यावर ते लहरींसारखे वागतात हे दिसेपर्यंत.

फ्लेमिंगचं उदाहरण याहून बोलकं आहे. सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर त्याला एका बशीत बुरशी दिसली आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळलेले दिसले. त्याने निबंध लिहिला, पण त्यातलं द्रव्य टिकेल अशा शुद्ध रूपात त्याला वेगळं काढता आलं नाही. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी ते काढलं. मे १९४० मध्ये त्यांनी आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले, चारांना औषध दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिवंत होते ते तेच चार. पुढच्या वर्षी पहिल्या रुग्णाला औषध द्यायला घेतल्यावर साठा इतका तुटपुंजा होता की त्याच्या लघवीतून ते परत गाळून काढावं लागलं. तो सुधारत होता, औषध संपलं आणि तो गेला. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी, चेन यांना विभागून मिळालं, हीटली राहिला. मराठीत मी असं लिहीन: पेनिसिलिनचा शोध फ्लेमिंगला लागला, आणि त्याचं औषध ऑक्सफर्डमधल्या लोकांनी केलं. इथे शोधन या जुन्या अर्थानेही शोध ऑक्सफर्डचाच.

'लावला' शोभावा असा शोध हवा असेल तर अमोनियाचा घ्या. हवेतला नायट्रोजन पकडून त्याचा अमोनिया करायचा, हे आधी ठरलं होतं, मग त्यामागे लागणं झालं. फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये ते प्रयोगशाळेत करून दाखवलं. कार्ल बॉशच्या माणसांनी उत्प्रेरकासाठी हजारो चाचण्या केल्या आणि १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. त्याच अमोनियातून खत निघालं आणि लगेच सुरू झालेल्या महायुद्धात जर्मनीची स्फोटकंही निघाली. आज पृथ्वीवर इतकी माणसं जेवतात त्यामागे ही एक रासायनिक क्रिया आहे. यात 'ठेच' कुठेच नाही.

पण ही जोडी सगळ्यात सुंदर चालते ती आकाशात. १३ मार्च १७८१ रोजी हर्शेलला युरेनस दिसला, तोही धूमकेतू वाटून. म्हणजे लागला. मग युरेनसची चाल गणिताशी जुळेना. पॅरिसमध्ये ल व्हेरिएने ओढ लावणारा अज्ञात ग्रह कुठे असेल ते कागदावर काढलं आणि बर्लिनच्या वेधशाळेत गालेला पत्र धाडलं. पत्र पोचलं त्याच रात्री, २३ सप्टेंबर १८४६ ला, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्याही आत नेपच्यून सापडला. तो गालेला दिसला, पण शोध ल व्हेरिएने लावला. गॅलिलिओने तर हाच ग्रह डिसेंबर १६१२ मध्ये पाहून तारा म्हणून टिपून ठेवला होता! दिसला होता, शोध लागला नव्हता. मराठीत हे वाक्य इतकं बिनतक्रार उभं राहतं की मला उणिवेचा मुद्दा इथेच संपल्यासारखा वाटतो.

गोष्ट पुढे आहे. बुधाच्या चालीतही फरक होता. ल व्हेरिएने तीच युक्ती पुन्हा केली: बुधाच्या आत आणखी एक ग्रह असणार. त्याला व्हल्कन हे नावही मिळालं. अनेकांनी शोध घेतला, अधूनमधून कुणाला तो दिसलाही, पण शोध लागला नाही, कारण ग्रहच नव्हता. शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तो फरक १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या गुरुत्वसिद्धान्तातून आपोआप बाहेर पडला. ग्रह हुडकायला निघालेल्यांच्या हाती शेवटी न्यूटनच्या नियमाची मर्यादा लागली.

गणितात मात्र मी स्वतः अजून अडखळतो. कार्दानो या इटालियन गणितीने १५४५ मध्ये कोडं घातलं: दहाचे असे दोन भाग करा की गुणाकार चाळीस येईल. उत्तरात ऋण पंधराचं वर्गमूळ आलं. हे जितकं सूक्ष्म तितकंच निरुपयोगी, असा शेरा त्यानेच मारला. बोंबेलीने १५७२ मध्ये असल्या संख्यांचे नियम मांडले, देकार्तने त्यांना 'कल्पित' ठरवलं आणि तेच नाव आपल्या पाठ्यपुस्तकांपर्यंत आलं. कल्पित म्हणजे लावलेल्या, यात काय शंका? पण १९२६ मध्ये श्रोडिंगरने अणूतल्या इलेक्ट्रॉनचं समीकरण लिहिलं तेव्हा त्यात ऋण एकचं वर्गमूळ थेट बसलेलं होतं. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी माणसाने मनाने लावलेली गोष्ट निसर्गात आधीच वापरात असल्याचा शोध लागला. इथे खोज म्हणाल की आविष्कार? दोन शब्द असलेल्या भाषेलाही इथे चिठ्ठ्याच टाकाव्या लागतील.

दोन दावेदार असले की 'ने'ची पंचाईत होते. कलनशास्त्र (कॅल्क्युलस) न्यूटनने आधी रचलं, लायब्निझने आधी, १६८४ मध्ये, छापलं. रॉयल सोसायटीने १७१२ मध्ये समिती नेमली, निकाल न्यूटनच्या बाजूने लागला. सोसायटीचा अध्यक्ष न्यूटन आणि अहवालाचा बराचसा मसुदाही न्यूटनचाच. ('निकाल लागला' की 'लावला', हे तुम्हीच ठरवा.) या हट्टापायी इंग्रज गणिती शतकभर न्यूटनच्या अडचणीच्या चिन्हांना चिकटून राहिले आणि युरोप पुढे गेला.

प्राणवायूची तर तिहेरी गत. शीलेला तो आधी मिळाला पण छापायला उशीर झाला, प्रिस्टलीने १७७४ मध्ये मिळवला पण चुकीच्या सिद्धान्तात बसवला, लाव्हाझिएने त्याचा अर्थ लावला आणि नाव दिलं: ऑक्सिजन, म्हणजे आम्ल तयार करणारा. सगळ्या आम्लांत तो असतोच अशी त्याची समजूत होती. ती चूक निघाली, नाव राहिलं. आपला 'प्राणवायू' त्यापेक्षा खरा.

राहिला प्रश्न वस्तूंचा. दुर्बीण, छापखाना, संगणक यांच्याबाबत माझं मत असं की 'शोध' शब्द शक्यतो टाळावा. बनवली, उभारला, घडवला ही क्रियापदं काय थोडी आहेत? 'गॅलिलिओने दुर्बिणीचा शोध लावला' या वाक्यात लागला-लावलाचा घोळ नाहीच. हान्स लिपरहाय या चष्मेवाल्याने १६०८ मध्येच तिच्या हक्कासाठी अर्ज केला होता. गॅलिलिओने आपली स्वतःची दुर्बीण बनवली, जानेवारी १६१० मध्ये ती गुरूकडे रोखली, आणि त्याला गुरूच्या चार चंद्रांचा शोध लागला.

तेव्हा तुमच्या लेखात 'लागला' राहू द्या. तपासणाऱ्याला कर्ता हवाच असेल तर त्याला हे वाक्य द्या: 'शून्यासह गणित करण्याचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ साली मांडले.' कर्ता आहे, साल आहे, आणि 'शोध' हा शब्द नाही.