उपासाचा रकाना

बाळ,

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. विषय सोडू नकोस. फक्त खाण्याच्या विकारांची ती २६ प्रश्नांची चाचणी (EAT-26) तशीच्या तशी मराठीत उतरवून जळगावच्या कॉलेजांत वाटणार असशील, तर जरा थांब.

ही चाचणी १९८२ ची, टोरांटोत तयार झालेली. २० किंवा जास्त गुण आले की मुलीला पुढच्या तपासणीला पाठवायचं. आता प्रश्न बघ: 'मी जास्त खावं असं इतरांना वाटतं.' आपल्याकडे 'अजून एक मांडा' झाल्याशिवाय पाहुण्याला ताटावरून उठू देतात का? सगळ्या पोरी 'नेहमी'वर खूण करणार, प्रत्येकीला ३ गुण फुकट. 'अन्नाचे लहान तुकडे करून खाते' यावर चोपड्याकडची एक मुलगी मला म्हणाली होती, "सर, भाकर अजून कशी खातात?" मी कागदाची घडी करून पिशवीत टाकली.

खरी गोची उपासाची. चतुर्थी, एकादशी, सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. उपास करणारी पोरगी आजारी नसते, हे मनाशी पक्कं कर. पण आजाराला उपासाचा आडोसाही होतो. म्हणून 'किती उपास करतेस' एवढ्या एका रकान्यावर भागणार नाही. हा उपास कधी धरला, घरात अजून कोण करतं, सोडताना काय होतं, ते विचार. पारण्याचा घास उतरत नसेल किंवा जेवून लगेच न्हाणीघर गाठत असेल, तिथे कान टवकार.

जाड व्हायची भीती ती बोलून दाखवेलच, असंही धरू नकोस. हाँगकाँगमध्ये मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांना जेवण टाळून खंगलेले, पण वजनाचं नावच न काढणारे रुग्ण भेटले. पोट फुगतं, भूक नाही, एवढंच म्हणायचे. आपल्याकडची पोर 'पोट भरेल शे' म्हणून ताट सरकवते. ते अहिराणीतच टिपून घे, शुद्ध करत बसू नकोस. आणि तिच्याशी एकटीशी बोल. आई शेजारी असली की भूक उत्तमच असते.

चक्कर, पाळी बंद, ओकाऱ्या, असं काही कळलं तर पेन खाली ठेव आणि आधी डॉक्टर गाठ. ओकाऱ्यांनी पोटॅशियम उतरतं, ते हृदयावर येतं. प्रबंध रखडला तर रखडू दे.

पहिली फेरी श्रावणाआधी उरक. श्रावणात कानबाईचा सण, त्या रोटांच्या गडबडीत तुला कोणी वेळ देणार नाही. रविवारी घरी ये, प्रश्न अहिराणीत बसवू.