सोसायटीने बॅचलर भाडेकरूंना बंदी केली आहे. कलम ३२ खाली थेट सुप्रीम कोर्टात जाता येईल का?

तुमचं म्हणणं असं आहे: नेरुळला फ्लॅट आहे, वार्षिक सभेत 'बॅचलरांना जागा भाड्याने देऊ नये' असा ठराव झाला, त्यामुळे राज्यघटनेची कलम १४ (समानता), १९ (स्वातंत्र्य) आणि २१ (जीवन) मोडली गेली, म्हणून कलम ३२ खाली दिल्ली गाठायची. मी ठाण्याला कोर्ट नाक्यावर वकिली करतो. हीच तक्रार घेऊन येणारे घोडबंदरपासून बेलापूरपर्यंतचे लोक भेटतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो: दिल्लीला जाऊ नका, आधी सोसायटीचे उपविधी, म्हणजे तिची नोंदलेली नियमावली, काढून वाचा.

कुठला हक्क मोडला हे ठरवण्याआधी तो मोडला कोणी, हे बघायचं असतं. मूलभूत हक्क प्रामुख्याने राज्याविरुद्ध दिलेले आहेत, आणि राज्य म्हणजे कोण हे कलम १२ सांगतं. केंद्र सरकार, संसद, राज्य सरकारं, विधिमंडळं, स्थानिक प्राधिकरणं आणि 'इतर प्राधिकरणं'. या शेवटच्या दोन शब्दांवर कोर्टात वर्षानुवर्षं वाद झाला. १९८१ च्या अजय हासिया निकालाने कसोट्या घालून दिल्या: पैसा सरकारचा आहे का, नियंत्रण किती खोलवर आहे, काम सार्वजनिक स्वरूपाचं आहे का, वगैरे. नवी मुंबई महानगरपालिका राज्य आहे. सिडकोही राज्यात मोडते. नावापुढे लिमिटेड असलं तरी ती सरकारच्या मालकीची कंपनी आहे. तुमची सोसायटी मात्र नाही.

इथे लोक हमखास म्हणतात, 'पण जमीन सिडकोची, नोंदणी सरकारी निबंधकाकडे, मग सोसायटी खासगी कशी?' जमीन भाडेपट्ट्याने घेतली म्हणून ती घेणारी सोसायटी सरकार होत नाही, आणि नोंदणी झाली म्हणूनही कोणी सरकार होत नाही. केरळच्या थलप्पलम बँकेच्या प्रकरणात २०१३ साली सुप्रीम कोर्टाने सहकारी संस्थांबद्दल हे पुरेसं स्पष्ट केलं आहे. त्याआधी २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचं प्रकरण गाजलं होतं. सभासदत्व पारशांपुरतंच ठेवणारा तिथला उपविधीसुद्धा कोर्टाने घटनाबाह्य ठरवला नाही. मला तो निकाल आवडत नाही, पण समोरचा वकील पहिल्यांदा तोच काढेल हे धरून चाला.

कोणी तुम्हाला २०२३ चा कौशल किशोर निकालही दाखवेल. पाच न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं की कलम १९ आणि २१ मधले हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात. वाचायला छान वाटतं, पण त्याच्या जोरावर सोसायटीचा ठराव रिट (हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्टातला घटनात्मक अर्ज) करून उडवता येईल असं मला वाटत नाही. ज्यांच्याकडे पैसा आणि वेळ दोन्ही आहे त्यांनी प्रयोग करून बघावा.

काही हक्क खासगी माणसालाही थेट बांधतात, हेही खरं. अस्पृश्यता (कलम १७), वेठबिगारी (२३), बालमजुरी (२४). भाडेकरूची जात काढून अस्पृश्यतेपोटी जागा नाकारली असेल, तर गोष्ट पूर्ण बदलते. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली राहत्या जागेबाबतची अशी आडकाठी हा गुन्हा आहे. तसं काही घडलं असेल तर सोसायटीशी पत्रव्यवहार करत बसू नका, पोलीस ठाण्यात जा. नुसतं अविवाहित असणं मात्र यात येत नाही.

'माझी मालमत्ता, माझा मूलभूत हक्क' हेही तुम्ही लिहिलंय. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. आता तो कलम ३००-अ मध्ये आहे, घटनात्मक हक्क म्हणून, आणि तोही सरकारने जागा काढून घेण्याविरुद्ध.

आता तुमच्या कामाचं. सरकारच्या आदर्श उपविधींनुसार जागा भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. ताबा देण्याच्या आठ दिवस आधी कळवायचं, लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत द्यायची, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिल्याचा कागद जोडायचा, एवढंच. मात्र तुमच्या संस्थेने नेमके कुठले उपविधी स्वीकारलेत ते पाहा, कारण बऱ्याच जुन्या संस्था जुन्याच प्रतीवर चालतात. ती प्रत बघणं हा सभासदाचा हक्क आहे, सेक्रेटरींची मेहेरबानी नाही. उपविधीत बंदी नसेल तर सभेत हात वर करून ती आणता येत नाही. उपविधी बदलायला दोन तृतीयांश बहुमत लागतं आणि बदलाची निबंधकाकडे नोंदणी व्हावी लागते. नुसत्या ठरावाचं वजन फार नसतं. कमिटीला हे बहुतेक वेळा माहीत असतं, पण बोलत नाहीत. भाड्याच्या जागेवर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) मात्र द्यावं लागेल, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. २००१ च्या शासन आदेशाने घातलेली ही मर्यादा मुंबई हायकोर्टाने २००७ मध्ये कायम ठेवली.

ऐकलं नाही तर निबंधकाकडे तक्रार करा, किंवा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दावा लावा. ठरावाला अंतरिम स्थगिती तिथे मागता येते. भाडेकरूला गेटवर अडवलं तर तो वेगळा विषय. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गैरपणे अडवणं हा गुन्हा आहे, आणि वॉचमनला सांगणारा माणूसही त्यातून सुटत नाही.

राज्यघटना या वाटेवर पुढे भेटतेच. निबंधक हा सरकारी अधिकारी. तुमच्या तक्रारीवर तो महिनोन्महिने काहीच करत नसेल, तर 'कर्तव्य करा' असा आदेश मिळवायला कलम २२६ खाली मुंबई हायकोर्ट आहे. सहकार अपील न्यायालयाच्या निकालाविरुद्ध कलम २२७ (खालच्या न्यायालयांवर हायकोर्टाची देखरेख) आहे. कलम ३२ ला आंबेडकरांनी घटनेचा आत्मा म्हटलं होतं, पण आज तिथे पोचलात तरी पहिला प्रश्न 'हायकोर्टात का गेला नाहीत?' हाच येतो.

जाता जाता एक: फ्लॅट नेरुळला आहे म्हणून ठाणे जिल्हा. तोच खारघरला असता तर पत्ता नवी मुंबईचाच लिहिला असतात, पण जिल्हा रायगड आणि कोर्टाचे फेरे पनवेल-अलिबागचे.

तर आठ दिवसांचं पत्र आज लिहा, करार नोंदवून घ्या, आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सोसायटीच्या शिक्क्यासह पोच मागा. सेक्रेटरी पोच द्यायला टाळाटाळ करतील. मग तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती फाइलला लावा.